आतून लागणारी कडी

चाकणच्या पलीकडे औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग करणारा एक कारखाना आहे. तिथे महिन्यातले दोन मंगळवार मी समुपदेशनासाठी जाते. कॅन्टीनच्या मागची एक छोटी खोली मला दिली आहे. पंखा आवाज करतो, पण दार लोटलं की आतलं बोलणं बाहेर जात नाही, आणि मला तेवढं पुरतं. २०२५ च्या जूनमध्ये, पाऊस नुकता सुरू झाला होता तेव्हा, पॅकिंगमधल्या एक बाई आल्या. वय सत्तेचाळीस, इथली नोकरी एकोणीस वर्षांची. सगळा विभाग त्यांना काकू म्हणतो, मीही इथे तेच म्हणते. त्यांची आणि पुढे येणाऱ्या दुसरीची, अशी दोघींची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि हातातली टोपी चुरगळत म्हणाल्या, "मॅडम, एवढंच सांगा. मी वाईट बाई आहे का?"

झालं होतं असं. मे महिन्यात विभागात एक नवीन मुलगी रुजू झाली. सत्तावीस वर्षांची, ट्रान्स स्त्री. जन्माच्या दाखल्यावर मुलगा, पण स्वतःची समज आल्यापासून मुलगी. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र तिच्याकडे होतं. कंपनीने तिला महिलांच्या चेंज रूममध्ये लॉकर दिला.

औषधाच्या कारखान्यात चेंज रूम टाळता येत नाही. बाहेरचे कपडे घालून आत जायला बंदी असते. साडी, ड्रेस, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं लॉकरमध्ये ठेवायचं आणि कंपनीचा गणवेश चढवायचा. सुटताना पुन्हा तेच. वीस-बावीस बायका, एक खोली, दोन बाकं, आडोसा नावाला नाही. कुजबुज सुरू झाली तशी बायकांनी सर्वांत जुन्या म्हणून काकूंना पुढे केलं. काकू एचआरकडे गेल्या. तिथल्या साहेबांनी कायदा ऐकवला, "काकू, जग कुठे गेलं, तुम्ही कुठे" असं म्हणाले, आणि तुम्हा सगळ्यांसाठी एक प्रशिक्षण ठेवतो असं सांगून त्यांना परत पाठवलं.

पहिल्या भेटीत मीही फार वेगळं केलं नाही. हे मला आजही खुपतं. काकूंच्या तोंडून "तृतीयपंथी" हा शब्द ज्या सुरात आला तो ऐकून मी घाईने माहिती द्यायला लागले. १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल, आपलं लिंग कोणतं हे सांगण्याचा ज्याचा त्याचा हक्क, मग ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा, नोकरीत भेदभाव करायला मनाई. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवलं. इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना, बाई म्हणजे जन्माने बाई?"

त्या म्हणत होत्या तो निकाल खरा आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जन्मजात लिंगाने स्त्री असा घ्यायचा, असं एकमताने सांगितलं. ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून त्या कायद्याचं संरक्षण तरीही आहे, हेही त्याच निकालात आहे, पण ते त्या रीलमध्ये नव्हतं. तो कायदा त्यांचा, आपल्याकडे तो लागत नाही, हे मी सांगितलं. काकूंचं माहेर भुसावळजवळचं. म्हणून मी त्यांच्याच जिल्ह्यातलं उदाहरण काढलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीचा महिला राखीव जागेवरचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवायला परवानगी दिली.

"माहीत आहे की," काकू म्हणाल्या. "निवडूनही आली ती. पण मॅडम, तिथे कपडे नव्हते बदलायचे."

त्यांचं बरोबर होतं. निवडणुकीला उभं राहणं वेगळं आणि बिनआडोशाच्या खोलीत पोलकं काढणं वेगळं. इंग्लंडचा निकाल आणि जळगावचा निकाल आम्ही एकमेकींसमोर ठेवत होतो, आणि त्या खोलीत रोज दोनदा काकूंना काय होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तेच विचारलं. डोळे मिटून चेंज रूममध्ये उभ्या राहा, ती मुलगी आत आली आहे असं समजा, आता शरीरात कुठे काय होतंय ते सांगा.

"पाठीत," काकू म्हणाल्या. "पाठ ताठ होते. मागे वळून बघावंसं वाटतं."

"तिच्याकडे?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाही. दाराकडे."

तेरा वर्षांच्या असताना त्यांच्या घराच्या मागे न्हाणीघर होतं. दार पत्र्याचं, त्याला खिळ्याचं एक भोक. शेजारचा एक माणूस, वडिलांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला, तिथे येऊन उभा राहायचा. काकूंनी एकदा डोळा पाहिला. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, भोकात चिंधी कोंब आणि गप्प बस. तेव्हापासून आजपर्यंत, स्वतःच्या फ्लॅटमध्येसुद्धा, अंघोळीला गेल्या की दाराच्या फटीशी टॉवेल लावतात. नवऱ्यालाही त्याचं कारण ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं होतं.

आणि एचआरच्या टेबलापुढे साहेब जे बोलले, ते त्यांच्या कानात आईच्याच शब्दांत उतरलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अवघडलेल्या प्रत्येक बाईमागे अशी कहाणी असतेच असं नाही, आणि ती असायलाच हवी असाही आग्रह नको. परक्या नजरेसमोर अंगावरचं काढताना आखडून जायला कारण लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी बायका चांगल्या विचारांच्या, शिकलेल्या असतात. ट्रान्स व्यक्तींना हक्क मिळावेत असं त्यांना मनापासून वाटतं, आणि लेडीज टॉयलेटचा विषय आला की त्या खाली बघायला लागतात. आपल्याला असं वाटलं म्हणजे आपण दुष्ट, या लाजेने त्या बोलतच नाहीत. मग ती भीती आत नासते आणि एक दिवस तिरस्कार होऊन बाहेर येते. म्हणून काकूंना मी स्पष्ट सांगितलं, तुम्ही वाईट नाही. आणि त्याच दमात दुसरंही सांगितलं. तुमची भीती खरी आहे, पण ती भोकापलीकडच्या त्या माणसाची आहे. या मुलीच्या नावावर ती लिहिता येणार नाही.

"ती तुमच्याकडे बघते का कधी?"

"ती? ती भिंतीकडे तोंड करून उभी असायची. आता तर येतच नाही. गणवेश घरूनच घालून येते."

ती का येत नाही हे मला माहीत होतं, आणि काकूंना सांगायची मला मुभा नव्हती.

ती मुलगी त्याच महिन्यात माझ्याकडे येऊन गेली होती. बाहेरून गणवेश घालून आल्याबद्दल तिला मेमो मिळाला होता, कारण बाहेरची धूळ आत नेणं औषधाच्या कारखान्यात चालत नाही. पण ती आली होती दुसऱ्याच दुखण्यासाठी. तिला पुन्हा पुन्हा उन्हाळी लागत होती, म्हणजे लघवीला जळजळ होत होती. सकाळी चहा घेतला की सुट्टी होईपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नसे, म्हणजे टॉयलेटला जावंच लागू नये. कंपनीने तिला ऑफिसच्या इमारतीतलं पाहुण्यांचं टॉयलेट वापरायला सुचवलं होतं. तिथवर जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात, आणि चहाची सुट्टी दहाच मिनिटांची.

वेगळी सोय हा वाईट पर्याय नाही. २०१४ च्या निकालात न्यायालयाने वेगळ्या सार्वजनिक स्वच्छतागृहांबद्दल सांगितलं आहे, २०१९ च्या कायद्याखालच्या नियमांत सर्वांना वापरता येतील अशा टॉयलेटचा उल्लेख आहे, आणि अनेक तृतीयपंथी व्यक्तींना तशी सोय हवीही आहे. तिला मात्र ती नको होती. "वेगळं दार म्हणजे मी कोण ते रोज सगळ्यांसमोर सांगत जायचं," ती म्हणाली. आधीच्या नोकरीत तिला पुरुषांच्या टॉयलेटमध्ये जायला लावलं होतं. तिथे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की आत गेल्यावर तीही आधी दाराकडे बघते.

तुझी ही गोष्ट काकूंच्या कानावर घालू का, असं मी तिला विचारलं. मला वाटत होतं, काकू विरघळतील. तिने मान हलवली. "नको मॅडम. माझी कीव आली म्हणून दार उघडायला नको मला." मी तो विषय तिथेच सोडला. दोघींचं सारखेपण मला दिसत होतं, आणि ते कुणाच्याच हातात ठेवायचं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत काकूंनी तो प्रश्न काढला जो सगळेच काढतात. "ही चांगली असेल, मान्य. पण उद्या कुणी पुरुष साडी नेसून आत शिरला तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आडोशात असलेल्या बाईकडे चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद आहे. जुन्या दंडसंहितेत तिथे 'पुरुष' असा शब्द होता, आता 'जो कोणी' असा आहे. म्हणजे कुणी काय नेसलं, ओळखपत्रावर काय लिहिलं, याने त्याची सुटका होत नाही. कारखान्यात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे, तिच्याकडेही जाता येतं. आणि ही मुलगी कुठून तरी शिरलेली नाही. तिचं नाव, फोटो, हजेरी सगळं कंपनीकडे आहे, जसं तुमचं आहे.

"पण कायदा नंतर येतो ना मॅडम," काकू म्हणाल्या. "आधी काय?"

मी त्यांनाच विचारलं, तुमच्या मते आधी काय असायला हवं होतं? त्या न्हाणीघराला?

"कडी. धड दार, आणि आतून कडी."

त्या दिवसापासून आमचं बोलणं माणसावरून खोलीवर आलं. काकूंनी विभागातल्या बायकांना एकेक करून विचारलं, तुला तिथे बदलताना कसं वाटतं? त्या नव्या मुलीचं नाव न घेता. उत्तरं ऐकून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आवाज कातर होता. एकीचं स्तनाचं ऑपरेशन झालंय, ती सगळ्यांच्या आधी अर्धा तास येते. एकीच्या पाठीवर भाजल्याचे वण आहेत. एक मुलगी बुरख्याच्या आतच सगळं बदलते. नवीन लग्न झालेली एक, नवऱ्याने मारल्याचे वळ झाकायला कोपरा धरते, आणि हे काकूंना आत्ता कळलं. (ती पुढे माझ्याकडे आली.) एकोणीस वर्षं त्या खोलीत सगळ्या बिनआडोशाच्या होत्या आणि कुणी आडोसा मागितला नव्हता.

त्यांनी अर्ज लिहिला. आतून कडी लागणारे आठ कप्पे हवेत, टॉयलेटच्या दारांच्या खालच्या फटी बुजवा, बंद पडलेला दिवा लावा. स्त्री-पुरुष कामगारांसाठी वेगळी, बंदिस्त स्वच्छतागृहं देणं तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने बंधनकारक होतं. त्यातला 'बंदिस्त' हा शब्द मी त्यांना अधोरेखित करून दिला.

अर्जाच्या शेवटी एक ओळ होती: तोपर्यंत त्या मुलीचा लॉकर बाहेर हलवावा. या ओळीला माझा पाठिंबा नाही, असं मी सांगितलं. तुमची लाज राखायला तिची काढायची, हे मला मान्य होणार नाही. काकू चिडल्या. "तुम्ही पण साहेबांसारख्याच," म्हणाल्या, आणि पुढच्या मंगळवारी आल्या नाहीत. ओळ त्यांनी खोडली नाही. व्यवस्थापनाने ती मान्य केली नाही. प्रशिक्षण मात्र मी पुढे ढकलायला लावलं. आधी बायकांचं ऐका, मग त्यांना शिकवा, असं लिहून दिलं.

ऑगस्टमध्ये कप्पे बसले. आठ नाही, सहा. दिवा लागला. मुलगी पुन्हा चेंज रूममध्ये यायला लागली, मेमो थांबले. पाणी पिते का, मी विचारलं. "अर्धी बाटली," ती म्हणाली. चहाला ती अजून एकटीच बसते.

काकू सप्टेंबरमध्ये परत आल्या. न्हाणीघराची गोष्ट त्यांनी बहिणीला फोनवर सांगितली होती. बहीण बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, मलाही दिसला होता तो. त्यावर आम्ही पुष्कळ बोललो. निघताना मी विचारलं, चेंज रूममध्ये आता कसं आहे?

"ती अजून आमच्या आधी येऊन बदलून जाते. मी काही बोलत नाही, ती पण नाही." दारापाशी थांबून त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "शेवटच्या कप्प्याची कडी ढिली झालीये. ती तोच वापरते. मेंटेनन्सला लिहून दिलंय मी."

"कधी दिलंत?"

"आठ दिवस झाले. आज परत जाते त्यांच्याकडे."