ताता गावाला गेले नाहीत: लहान मुलं, अवघड विषय आणि चित्रांची पुस्तकं

या वेळी सोलापुरातून आलेली चार पत्रं एकाच विषयाकडे वळणारी निघाली. लहान मुलांशी अवघड गोष्टी बोलायला चित्रांचं पुस्तक कसं निवडावं, असा सगळ्यांचा प्रश्न आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात सांगितलेलं बरंचसं पुढच्या पत्रांनाही लागू पडतं.

माझे सासरे, म्हणजे मुलीचे ताता (तेलुगूत आजोबा), दिवाळीनंतर वारले. मुलगी साडेचार वर्षांची आहे. त्या गडबडीत कुणीतरी तिला “ताता गावाला गेलेत” असं सांगितलं आणि आम्हीही तेच धरून ठेवलं. आता एसटी स्टँडवरून जाताना ती उतरणाऱ्या माणसांकडे बघत राहते. तिचे बाबा कामासाठी हैदराबादला निघाले की आकांत करते. मृत्यूवरचं एखादं पुस्तक सुचवा. (अशोक चौक)

तिचा हिशोब चोख आहे. गावाला गेलेला माणूस परत येतो. ताता आले नाहीत, म्हणजे गावाला गेलेला माणूस कधीकधी येतच नाही. मग बाबांना का जाऊ द्यायचं? या हिशोबावर पुस्तकाचा उपाय चालणार नाही. आधी तुम्हाला स्वतःच्या तोंडानं खरं सांगावं लागेल, पुस्तक त्यानंतर. ही बातमी पुस्तकाकडून देऊ नका. ज्या पुस्तकातून तिला हे कळेल, ते ती पुन्हा हातात धरणार नाही.

साधी, तुटक वाक्यं वापरा: “ताता गावाला गेले असं आम्ही म्हणालो, ते खरं नव्हतं. ताता वारले. त्यांचं शरीर चालायचं बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, जेवत नाहीत, त्यांना दुखतही नाही. ते परत येणार नाहीत.” घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगूतच सांगा. “चनिपोयारु” (वारले) हा शब्द तिनं दारावर आलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलाच असेल, त्याचा अर्थ तेवढा कुणी सांगितला नसेल. हे रात्री झोपायच्या वेळी सांगू नका. सकाळी अंघोळ-नाश्ता झाल्यावर, पुढे सगळा दिवस मोकळा असताना सांगा.

आता पुस्तक. मेलेलं परत येत नाही, शरीराचं काम पूर्ण थांबतं आणि हे सगळ्यांनाच होतं, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू उमगतात. साडेचार वर्षांच्या मुलीसाठी पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट दाखवणारं पुस्तक पुरे. “सगळेच मरतात” हे तत्त्वज्ञान राहू द्या.

दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात आलं की कोऱ्या कागदानं मजकूर झाका आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. कुणीतरी आता नाही, हे चित्रातून कळतं का? रिकामी खुर्ची, खुंटीला तसाच लटकलेला सदरा, एकच कप चहा. असं दिसत असेल तर पुस्तक कामाचं. वाचता न येणारं मूल चित्रच वाचतं. ढग, पांढरे पक्षी आणि हसरा सूर्य एवढंच असेल तर त्या पुस्तकानं विषय टाळलेला आहे.

मग मजकूर वाचा आणि तीन शब्द शोधा. पहिला “झोपले”. आजोबा झोपले आणि उठलेच नाहीत हे ऐकलेलं मूल रात्री दिवा बंद करू देत नाही. दुसरा “देवाला आवडले म्हणून नेलं”. हे ऐकून मूल देवाला आवडायचं नाही असं ठरवू शकतं, आणि तुम्हाला वाटेल हट्टीपणा वाढला. तिसरा “आजारी होते”. यात खोटं काही नाही, पण अपुरं आहे. पुढच्या वेळी तुम्हाला सर्दी झाली की ती तुमच्याजवळून हलणार नाही. “खूप खूप आजारी, डॉक्टरांनी औषधं दिली तरी बरं न होण्याइतके आजारी” असा फरक पुस्तकात नसेल तर वाचताना तुम्ही घाला.

“आजोबा तारा झाले” याबद्दल आमच्यातही एकमत नाही. मोठ्या मुलाला ती उपमा कळते. साडेचार वर्षांचं मूल गच्चीवर जाऊन ताऱ्याला खाली ये म्हणतं.

शेवटचं पान नीट बघा. बारा-पंधरा पानांत रडं संपून सगळे बागेत हसत असतील तर पुस्तक परत ठेवा. दुःख अजून आहे, पण जेवणही चाललंय, शाळाही चाललीय, असा शेवट चांगला. वाळलेलं पान किंवा मेलेलं फुलपाखरू यांवरची पुस्तकं घरात कुणी गेलेलं नसताना, आधीच वाचायला उत्तम. आता मात्र तिचा प्रश्न ताताबद्दल आहे. त्याला फुलपाखरू पुरणार नाही.

अनुवादित पुस्तकांत शवपेटी आणि फुलं ठेवलेली कबर दिसते. तिनं पाहिलं आहे ते हार घातलेला फोटो, दहाव्याला कावळ्याची वाट बघणारी मोठी माणसं. सोलापुरात तर एकाच गल्लीत एका घरची रीत दहनाची आणि शेजारच्या लिंगायत घरची दफनाची असते. चित्र वेगळं आहे म्हणून पुस्तक टाकायचं कारण नाही. “त्यांच्याकडे असं करतात, आपल्याकडे कसं केलं ते तू पाहिलंस ना?” एवढं म्हणून थांबा. बऱ्याचदा खरं बोलणं इथूनच सुरू होतं.

वाचायला शेजारी बसा, समोर नको. दोघींची नजर पुस्तकावर असली की मुलाला बोलणं सोपं जातं. “आजोबा” छापलं असेल तिथे “ताता” वाचा. पहिल्यांदा मध्ये न थांबता पूर्ण वाचा, दहा मिनिटांच्या वर नको. दुसऱ्या दिवशी वाचाल तेव्हा दोनच ठिकाणी थांबा आणि “तुला कसं वाटतं?” असं विचारू नका. या वयात त्याचं उत्तर “छान” असंच येतं. “हा मुलगा दाराशी का बसलाय?” असं चित्रातलं विचारा.

ती मध्येच उठून खेळायला गेली, हसली, किंवा पंधरा दिवस रोज तेच एक पान उघडायला लावलं, तर काही बिघडलेलं नाही. “तू पण मरणार?” हा प्रश्न येणारच. “मी कधीच नाही” असं वचन देऊ नका. “बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर मरतात. मला खूप वर्षं तुझ्याजवळ राहायचंय” हे खरंही आहे आणि पुरेसंही. जेवण तुटलं, थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मी अंगणवाडी सेविका आहे. बावीस मुलं, निम्म्याहून जास्त घरी तेलुगू बोलणारी. “चांगला स्पर्श, वाईट स्पर्श” शिकवायला कोणतं पुस्तक घ्यावं? (विडी घरकुल)

ताई, आधी ते नावच बदला. वाईट स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असं नाही. गुदगुल्या, लाड, चॉकलेट यांतूनही तो होतो. उलट डॉक्टरांची सुई वाईट वाटते, पण ती सुरक्षित असते. म्हणून “सुरक्षित” आणि “असुरक्षित” म्हणणारं, आणि वाटण्यापेक्षा नियम सांगणारं पुस्तक घ्या. नियम असा: चड्डीच्या आतला भाग दुसऱ्या कुणी बघायचा नाही, हात लावायचा नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. स्वच्छतेसाठी आई किंवा आजी, आणि आई सोबत असताना डॉक्टर, एवढेच अपवाद.

निवडताना चार गोष्टी बघा. अवयवांना नावं आहेत का? “तिथे”, “शी-शीची जागा” असं म्हणणारं पुस्तक मुलाच्या हाती शब्दच देत नाही, आणि शब्द नसेल तर ते घडलेलं सांगणार कसं? धोक्याचा माणूस काळा कोट घातलेला अनोळखी दाखवला असेल तर पुस्तक ठेवून द्या, कारण बहुतेक प्रकरणांत तो ओळखीचाच असतो. चित्रात मुलगेही हवेत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे आणि तो अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लागू होतो. आणि शेवटी “तू नाही म्हणाला असतास तर” असा सूर नको. मूल घाबरून गप्प बसलं तरी चूक त्याची नसते, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं हवं.

गुपिताचं एखादं पान असेल तर त्यावर जास्त वेळ द्या. वाढदिवसाची भेट थोडे दिवस लपवायची असते आणि शेवटी सगळ्यांना कळते. “कधीच कुणाला सांगू नको” असलं गुपित मात्र लगेच सांगायचं. हा फरक लहान मुलांनाही समजावता येतो.

बावीस मुलांना एकत्र वाचून दाखवलंत तर मागच्या रांगेला चित्र दिसणार नाही. सात-आठचे तीन गट करा आणि वेगवेगळ्या दिवशी वाचा. आदल्या आठवड्यात पालकसभेत आयांना पुस्तक दाखवा, नाहीतर संध्याकाळी तक्रार तुमच्याच दारात येईल. नियमाचं वाक्य मराठी आणि तेलुगू दोन्हींत म्हणून घ्या.

वाचताना एखादं मूल काही बोललं तर सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. नंतर बाजूला घेऊन ऐका, “सांगितलंस ते बरं केलंस” म्हणा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. तुमच्या सुधारलेल्या मराठीत नको. पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक 1098.

दुसरं बाळ येतंय. मोठी तीन वर्षांची आहे. (जुळे सोलापूर)

बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत मोठी बहीण तीन पानं रुसते आणि चौथ्या पानावर शहाणी ताई होते. ते टाळा. मोठीला राग येतो आणि त्या रागासकट आई तिला जवळ घेते, असं पुस्तक शोधा. तुम्ही बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर तिला बाळापेक्षा तुमचं न दिसणं जास्त टोचेल. मग बाळावरच्या पुस्तकापेक्षा आई काही दिवस दूर जाते आणि परत येते अशी गोष्ट घ्या, आणि सातव्या महिन्यापासूनच वाचायला लागा.

आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो, कोर्टात केस चालू आहे. मुलगा सहा वर्षांचा आहे, माझ्या आई-वडिलांकडे आम्ही राहतो. वडील रविवारी बागेत भेटतात. असं पुस्तक मराठीत आहे का? (साखर पेठ)

या विषयावरच्या पुस्तकांत बहुतेक वेळा मुलाला दोन घरं असतात आणि दोन्हीकडे त्याची स्वतःची खोली, खेळण्यांसकट. तुमच्या मुलाला ते परीकथेसारखं वाटेल. विषय नेमका जुळतोय का हे बघू नका, मुलाची परिस्थिती जुळते का ते बघा. वडील परगावी नोकरीला असलेलं घर, आजोळी वाढणारं मूल, आठवड्याची वाट बघणं, अशी गोष्ट जास्त कामाची. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह तेलुगू, कन्नड अशा भाषांत पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. वाचनाच्या पायऱ्या एक ते चार आहेत. सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला दुसरी पायरी ठीक.

आणि एक पुस्तक घरी करा. ए-फोर कागद लांबीच्या दिशेनं एकदा दुमडा, उघडा. मग रुंदीच्या दिशेनं दोनदा दुमडा, उघडा. आठ चौकोन पडतील. आता आखूड कडा जुळवून एकदाच दुमडा आणि घडीच्या बाजूनं मधल्या रेषेवर फक्त पुढच्या घडीपर्यंत कापा. कात्री पार कडेपर्यंत गेली की कागदाचे दोन तुकडे होतात, बहुतेकांचं इथेच चुकतं. कागद उघडून लांबीच्या घडीवर दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला, की आठ पानांची वही तयार.

पहिल्या पानावर त्याचं नाव. मग “मी इथे झोपतो”, “इथे आजी असते”, “रविवारी बाबा इथे भेटतात”, “आई-बाबा एका घरात राहत नाहीत”, “हे माझ्यामुळे झालेलं नाही”, “दोघं माझे आई-बाबा आहेत”. वाक्यं तुम्ही लिहा, चित्रं त्यानं काढू दे. कोण चुकलं, कोण कुणाला काय म्हणालं यातलं एक अक्षरही नको. ही वही रविवारी त्याच्याबरोबर बागेत जाणार आहे. आठवं पान कोरं सोडा. त्यानं त्यावर तिघांना एकत्र काढलं तर खोडू नका आणि “असं होणार नाही” असं लगेच सांगायलाही जाऊ नका. “तुला असं हवंय” एवढंच म्हणा.