आजोबांची इम्पाला 58ची की 59ची?

प्रश्न : आजोबा मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते. एकदा गणपतीला ते शेठची शेवरोलेट इम्पाला घेऊन आमच्या वेंगुर्ल्याला आले, पण गाडी पाणंदीत शिरेना म्हणून तिठ्यावरच ठेवली. फोटोत फक्त मागची बाजू दिसते, मांजराच्या डोळ्यांसारखे दोन मोठ्ठे दिवे. काका म्हणतात 58चं मॉडेल. आणि गाडी खरंच एवढी मोठी होती, की आजोबा फेकायचे?

उत्तर : काका चुकले, आजोबा बरोबर. 1958ची पहिली इम्पाला म्हणजे बेल एअर या शेवरोलेटच्याच गाडीचं सगळ्यात भारी मॉडेल, फक्त दोन दारांची, आणि मागे दोन्हीकडे तीन-तीन गोल दिवे. मांजरडोळे आले 1959ला, आणि एकच वर्ष टिकले, 60ला परत गोल दिवे. झालं काय, क्रायस्लर या स्पर्धक कंपनीच्या 57च्या गाड्यांची उंच शेपटं बघून शेवरोलेट बनवणारे जनरल मोटर्सवाले हादरले, हातातली डिझाइनं टाकून नव्याने बसले, त्यातून ती वटवाघळाच्या पंखांसारखी आडवी पसरलेली मागची बाजू निघाली (मला विचाराल तर सुंदर, पण जरा अतीच).

आता पाणंदीचं. 59ची गाडी साधारण 17 फूट 7 इंच लांब आणि 6 फूट 8 इंच रुंद, आपली अँबॅसिडर साडेपाच फुटांच्या आतली, त्यामुळे दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे असले की आत घालायची कुणाची छाती होणार, आणि गाडी शेठची, ओरखडा आला तर आजोबांची नोकरी जायची. बरं, ती इथे बनलेलीही नव्हे, शिवडीला 1928पासून शेवरोलेट जोडायचे पण तो कारखाना इम्पालाच्या आधीच बंद झाला, म्हणजे ही थेट बाहेरून आलेली.

पण एक गोची आहे. 58 नि 60ला दिवे मोजून कळायचं, तीन-तीन म्हणजे इम्पाला, दोन-दोन म्हणजे स्वस्तातली बेल एअर किंवा बिस्केन. 59ला मात्र तिघींना तेच मांजरडोळे! तेव्हा भिंग घेऊन उडी मारणारं हरीण दिसतंय का बघा, ते इम्पालाचं चिन्ह. नाहीच दिसलं तर काकांना इतक्यात सांगू नका, साल चुकलं म्हणून आधीच खट्टू झाले असतील.