समुद्राच्या हद्दीवरून भांडणाऱ्या शेजारी देशांना पडद्यामागच्या बोलण्यांचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की सरकारं अधिकृत चर्चा करतातच, मग निवृत्त राजदूत, प्राध्यापक, मच्छिमार संघटना यांच्या बैठकांतून ('ट्रॅक टू' म्हणतात ते) चहापाण्याच्या बिलापलीकडे काय निघतं?

मी नागपूरचा, समुद्र सुट्टीतच बघणारा. पण पंचवीस वर्षं दिवाणी कोर्टात धुऱ्याची भांडणं चालवतोय. इतरत्र ज्याला बांध म्हणतात, तो आमचा धुरा. काटोलकडच्या दोन चुलतभावांचा दावा अकरा वर्षांपासून सुरू आहे. दोघांच्या संत्र्याच्या बागांमध्ये दोन हातांचा पट्टा आहे, दोनदा मोजणी झाली आणि दोन्ही वेळा हरकत आली. तारखेला मात्र दोघं एकाच मोटारसायकलवर येतात. एकदा कळलं की पट्ट्यातून माल कोणी कधी न्यायचा हे त्यांनी आपसात केव्हाच ठरवून टाकलंय. मी माझ्या पक्षकाराला म्हटलं, छान, लिहून कोर्टात देऊ. तो दचकलाच. "लिहून देल्लं तं कबूल केल्यावानी होते ना, वकीलसाहेब. तोंडी हाय तेच बरं."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्या या वाक्यात दिसतं. हद्दीच्या वादात देशाचा प्रत्येक कागद उद्याचा पुरावा असतो. कच्छच्या रणाजवळची सर खाडी घ्या. ९६ किलोमीटरची दलदलीतली खाडी, आणि तिच्यावर भारत-पाकिस्तान आजही मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावावरून वाद घालतात. एकाच ठरावातून दोघं आपापल्या सोयीचा परिच्छेद काढतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाची ओळ इतकी चालते, तर परराष्ट्रमंत्र्याच्या तोंडून सैलसर शब्द कसा निघेल? अधिकृत टेबलावर म्हणूनच जो तो आपला दावा घोकून दाखवतो. ज्याच्या बोलण्याने देश बांधला जात नाही, असं कुणीतरी बसवावं लागतं.

माझं आवडतं उदाहरण जपान-चीनचं. १९५५ मध्ये जपानने पेइचिंगच्या सरकारला मान्यताच दिलेली नव्हती. पण पूर्व चीन समुद्रात जपानी बोटी पकडल्या जात होत्या, खलाशी अडकत होते. मग दोन्हीकडच्या मासेमारी संघटनांनीच करार केला, कुठे कधी किती बोटी जायच्या ते ठरवलं. १९५८ मध्ये राजकारण तापलं तसा तो बंद पडला, १९६३ मध्ये पुन्हा सुरू झाला. सरकारी मासेमारी करार झाला तो थेट १९७५ मध्ये. वीस वर्षं जे चाललं, ते कागदोपत्री 'खासगी' होतं.

दुसरं, दक्षिण चीन समुद्र. १९८८ मध्ये तिथल्या, अनेक देश हक्क सांगत असलेल्या स्प्रॅटली बेटांजवळ चिनी नौदलाशी झालेल्या चकमकीत ६४ व्हिएतनामी सैनिक गेले. त्यानंतर इंडोनेशियाचे राजनयिक हाशिम जलाल यांनी कॅनडाच्या पैशावर कार्यशाळा सुरू केल्या. पहिली जानेवारी १९९० मध्ये, बालीला. येणारे बरेचसे सरकारी अधिकारीच, पण 'वैयक्तिक नात्याने' आलेले. पुढच्या वर्षी चीन आणि तैवानचे लोक एकाच खोलीत बसले, अधिकृत बैठकीत हे अशक्यच. बेट कोणाचं हा विषय बाजूला ठेवायचा. प्रवाळ, हवामान, जहाजांची सुरक्षा यावर बोलायचं. निष्पन्न काय? हद्द सुटली नाही. १९९५ मध्ये चीनने स्प्रॅटलीतल्याच मिसचिफ रीफ या वादातल्या खडकावर बांधकाम केलंच. पण २००२ मध्ये आसियान (आग्नेय आशियाई देशांची संघटना) आणि चीनने या समुद्रात कसं वागायचं याचा, आचरणाचा जाहीरनामा केला, तोवर त्यातले विषय आणि माणसं एकमेकांच्या ओळखीची झाली होती. याला मी कमी समजत नाही.

पण पाल्कच्या सामुद्रधुनीत हेच फसलं. तिथली भारत-श्रीलंका सीमा १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरलेली आहे, भांडण पोटाचं, म्हणजे मासेमारीचं आहे. २०१० मध्ये दोन्हीकडचे मच्छिमार प्रत्यक्ष भेटले, तमिळनाडूवाल्यांनी वर्षभरात तिकडे ट्रॉलिंग (यांत्रिक बोटीने तळाशी जाळं ओढत केलेली मासेमारी) थांबवायचं मान्यही केलं. ट्रॉलरचं कर्ज, दुसरा धंदा, याची सोय कोणी करायची? ती सरकारच करू शकतं, आणि तिथेच घोडं अडलं. ट्रॉलिंग चालूच राहिलं.

आणखी एक अडचण पुस्तकांत फारशी ठळक नसते. हे सगळं माणसांवर उभं असतं. कॅनडाने २००१ मध्ये पैसा थांबवला आणि त्या कार्यशाळांचा जोर ओसरला. आमच्या काटोलच्या दाव्यात थोरल्या भावाचा मुलगा यंदा पुण्याहून परत आला. तोंडी काय ठरलं होतं ते त्याला माहीत नाही आणि ऐकायचंही नाही. त्याने पट्ट्यावर तारेचं कुंपण घातलंय. मी सध्या मनाई हुकुमाचा अर्ज लिहितोय.