ब्लॉकचेनचा कोर्स राहू दे, आधी नंबर थिअरी पक्की कर

तुझं पत्र वाचलं. साताऱ्यात बीएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, इलेक्ट्रॉनिक मतदान सेफ करणाऱ्या क्रिप्टोग्राफीत, म्हणजे माहिती कुलूपबंद करायच्या गणितात, काम करायचंय, पप्पा म्हणतात यात नोकरी कोण देणार, आणि कुणीतरी ८५ हजारांचा ब्लॉकचेन (अनेक कॉम्प्युटरवर ठेवलेली सामायिक नोंदवही) वोटिंगचा कोर्स गळ्यात मारतोय. ते पैसे अजिबात भरू नकोस.

मतदानातली खरी गोची वेगळीच आहे गं. बँकेत घोळ झाला तर स्टेटमेंट काढून बघता येतं, इथे तू मत कुणाला दिलंस हे कुणालाच कळायला नको, तुला स्वतःला दाखवायचं असलं तरी दाखवता येऊ नये, नाहीतर मत विकत घेणारा आधी पुरावा मागेल, आणि एवढं करून तुझं मत मोजणीत धरलंय याची खात्री पण पाहिजे. वहीत करून बघ. तिघांची मतं १, ०, १ (१ म्हणजे हो, ० म्हणजे नाही). ती २ चे घातांक म्हणून लिही, आले २, १, २. गुणाकार ४, म्हणजे २ चा वर्ग, म्हणजे २ मतं! एलगमाल नावाच्या, नंबर थिअरीवर उभ्या कुलूपपद्धतीत हेच, फक्त प्रत्येक मतावर वेगळं रँडम कुलूप. कुलपासकट गुणाकार करायचा, उघडायची फक्त बेरीज. शिवाय आत ० किंवा १ च आहे, कुणी ५० घातलेले नाहीत, हे मत न उघडता पटवून द्यावं लागतं, ते झीरो नॉलेज प्रूफ. यात ब्लॉकचेन आली का कुठे?

आणि गणित बरोबर असूनही माती होते. आयएसीआर ही क्रिप्टोग्राफीवाल्यांची जागतिक संघटना, त्यांची निवडणूक हेलिओस नावाच्या सिस्टिमवर होते. २०२५ मध्ये निकाल उघडायच्या चावीचे तीन तुकडे तीन ट्रस्टींकडे होते, तिन्ही लागणार होते, एकाने आपला हरवला, निकालच उघडेना, पुन्हा मतदान! मग तीनपैकी दोन पुरतील असं ठरवलं. (आमच्या सोसायटीत कपाटाची चावी घेऊन सेक्रेटरी गावाला गेले होते तेव्हा आम्ही त्यांना काय काय बोललो होतो, आता वाईट वाटतं.) २०१९ मध्ये स्विस पोस्टच्या सिस्टिममध्ये तर संशोधकांना असं भोक सापडलं की आतल्या माणसाने मतं बदलली तरी प्रूफ बरोबरच दिसेल. मला वाटतं तुझं काम हे आहे, भोकं शोधायचं.

पप्पांना खरं सांग, निव्वळ मतदानावरच्या नोकऱ्या मोजक्याच. आपल्या ईव्हीएममध्ये हे कुलपातल्या बेरजेचं गणित नाहीच, तिथे पडताळणीला व्हीव्हीपॅटची चिठ्ठी. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतं, पण तो देश केवढासा. मात्र हेच गणित पेमेंट, टेलिकॉम सगळीकडे लागतं, त्यामुळे पोटापाण्याची काळजी नको. एमएस्सी मॅथ्स करून कोलकात्याच्या आयएसआयमध्ये (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) क्रिप्टोलॉजी अँड सिक्युरिटीचं एमटेक बघ, प्रवेश परीक्षा अवघड आहे, लिनियर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी आत्तापासून घासायला घे.

दिवाळीच्या सुट्टीत ते एलगमाल पायथॉनमध्ये लिही, प्राइम छोटा घे, २३ वगैरे, आणि अडलीस की कोड पाठव.