मज्जा हाडातली की पाठीतली?

प्रश्न असा: मेंदू आणि पाठीच्या विकारांवर काम करणाऱ्या एका न्यूरॉलॉजिस्टच्या शोधनिबंधांचा मराठीत परिचय लिहायचा आहे. ‘स्पायनल कॉर्ड’ला मणका म्हणावं, मेरुदंड की मज्जारज्जू? आणि मज्जा तर हाडात असते, मग पाठीतल्या या दोरीला तिचं नाव कसं?

मणका नाही, मेरुदंडही नाही. दोन्ही हाडांचे शब्द. ‘मेंदू व मणक्याचे विकार’ इतकं रुळलंय की आता कानाला खटकतही नाही, आणि त्याचाच मला संताप येतो. मानेच्या मणक्यांची झीज होते, वाढलेलं हाड आत सरकतं, मज्जारज्जूवर दाब येतो. माणसाला शर्टाची बटणं लावता येईनाशी होतात, चाल अडखळते. ही मायलोपथी. आता दोन्हींना मणका म्हणून बघा: ‘मणक्यामुळे मणका दबतो.’ हे वाक्य मी छापलेलं वाचलं आहे. उलटी चूकही तितकीच ऐकू येते: ‘कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात मज्जारज्जू दबला.’ प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो! त्याखाली असतो मज्जातंतूंच्या मुळांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा, म्हणून अश्वपुच्छ. पाठीतलं पाणी काढायची सुई तिथे खाली टोचतात ती याचसाठी.

आता मज्जा. इथे जाणकारही घसरतात. म्हणतात, आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी मज्जा हा सहावा, तो हाडातला. चरकाने मज्जा एक ओंजळ आणि मस्तिष्क अर्धी ओंजळ असं वेगवेगळं माप दिलंय. तेव्हा ‘मज्जासंस्था’ ही इंग्रजी काळातली चूक, ‘चेतासंस्था’ आणि ‘मेरुरज्जू’च बरोबर. शाळेच्या पुस्तकांत हेच शब्द आहेत. खुशाल असू देत, शब्द चांगले आहेत. पण ‘चूक’ हा शेरा मला साफ नामंजूर. मूळ अर्थ हीच कसोटी असेल तर ग्रीक ‘न्यूरॉन’चा मूळ अर्थ स्नायुबंध, कंडरा. मग न्यूरॉलॉजीही चूकच म्हणायची का?

चरकापाशी थांबलेल्यांनी जरा शेजारी डोकवायला हवं होतं. ‘मगज’ आपण रोज वापरतो: डोक्यातला मगज, बीचा मगज. शब्द फारसीतला, आणि तिथे त्याचे अर्थ तिन्ही: मेंदू, हाडातला गर, बीचा गर. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, तो ‘मझ्ग’. संस्कृतातली मज्जा त्याची सख्खी बहीण! इंग्रजी ‘मॅरो’ही याच कुळातला, वाटेत झ चा र झाला एवढंच. आणि रशियन तर बघाच. तिथे मेंदू म्हणजे ‘मोझ्ग’. मज्जारज्जू म्हणजे पाठीचा मोझ्ग. हाडातली मज्जा म्हणजे हाडाचा मोझ्ग. तिन्ही ठिकाणी एकच शब्द, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. मराठीच्या घरात हाच शब्द दोन दारांनी आला, एकदा मज्जा होऊन आणि एकदा मगज होऊन, आणि आपण त्यांची ओळखच विसरलो.

माझं मत असं की या कुळाचा गाभ्याचा अर्थ ‘हाडातली चरबी’ कधी नव्हताच. ‘कठीण कवचातला मऊ गर’ हा तो अर्थ. कवच मांडीच्या हाडाचं असो, कवटीचं, मणक्यांच्या नळीचं, नाहीतर बीच्या टरफलाचं. मणके फोडून आत पाहणाऱ्या पहिल्या माणसाला दुसरा कोणता शब्द सुचणार होता? ग्रीक ‘म्यूएलोस’ आणि लॅटिन ‘मेडुला’ वेगळ्या घरचे, पण तेही हाडाच्या आणि पाठीच्या दोन्ही मज्जांना चालतात. म्हणूनच मायलायटिस हा मज्जारज्जूचा दाह आणि मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग. पोलिओमायलायटिस म्हणजे करड्या मज्जेचा दाह, आणि त्यातला ग्रीक ‘पोलिओस’, करडा, हा आपल्या ‘पलित’चा, पिकलेल्या केसाचा, नातलग.

तेव्हा परिचयात ‘मेंदू व मज्जारज्जूचे विकार’ लिहा. मायलोमाचा निबंध असेल तिथे नुसती मज्जा नको, ‘अस्थिमज्जा’ लिहा. आणि हाड मोडल्याचा, झिजल्याचा विषय असेल तिथे मणका लिहा, कारण तिथे तो खरोखर मणकाच आहे.