कोहळ्याला पहिला घाव कोणी घालायचा?

प्रिय मनू,

तुझा निरोप दोनदा ऐकला. तू विचारलंस, "आई, बाबांनी आग्र्याहून आणलेला पेठा आपल्या मांडवावरच्या कोहळ्याचाच असतो का? आणि कोहळा चिरायचा म्हटलं की आजी शेजारच्या दादाला का हाक मारते? मी पहिला घाव घातला तर काय होतं?" फोनवर हे सगळं नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहून पाठवते. आजीलाही वाचून दाखव, तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

पेठा कोहळ्याचाच. आग्र्यात नूरी गेटच्या आसपास पेठ्याचे कारखानेच आहेत, तिथेही हेच फळ लागतं. आपल्या कोकणात पेठा करायची फारशी रीत नाही. तिथे कोहळ्याच्या वड्या होतात, सांडगे होतात, पित्तावर म्हणून कोहळेपाक होतो. पण फळ तेच, साखर तीच, तेव्हा गुहागरच्या चुलीवर पेठा न व्हायला काहीच कारण नाही. फक्त ज्याचे घारगे करतो तो लाल भोपळा यात चालवू नकोस. त्याचा गर पिठूळ, शिवाय तो मूळचा अमेरिकेतला, म्हणजे १४९२ नंतर कधीतरी इकडे आलेला. कोहळा आपल्या आशियातला, फार जुना. पूजेत, होमात कोहळा लागतो, लाल भोपळा लागत नाही, त्यामागे हेही एक कारण असणार.

आता घावाचं. वास्तुशांतीला किंवा नवचंडीला कोहळा कापतात तो बळी म्हणून. जिथे पूर्वी पशूचा बळी द्यायचे तिथे कोहळा आला. त्याला हळदकुंकू वाहतात, मग कापतात. दाराला टांगतात तोही याच भावनेने, की घरावर येणारी दृष्ट त्याने अंगावर घ्यावी. कार्तिक शुद्ध नवमीला तर कूष्मांड नवमीच म्हणतात, त्या दिवशी कोहळा दान देतात. एवढा मान असलेलं फळ स्वयंपाकघरात आलं तरी लोकांच्या मनात ते नुसती भाजी होत नाही. अख्खा कोहळा चिरणं म्हणजे जीव घेण्यासारखं, ते बाईने करू नये, घरातल्या पुरुषाने पहिला घाव घालावा आणि मग बायकांनी फोडी कराव्यात, अशी रीत पडली. आजी घाव घालण्याआधी कोहळ्याला कुंकवाचं बोट लावते आणि क्षणभर हात जोडते, ते तू पाहिलं असशील.

मी लग्न होऊन गुहागरात आले तेव्हापासून हे पाहते आहे. त्यातला कुंकवाचा भाग मला मनापासून आवडतो. चार महिने वेल वाढवायचा, पावसात मांडव सावरायचा आणि फळ हाती आल्यावर सुरी चालवण्याआधी त्याला नमस्कार करायचा, हे फार चांगलं वळण आहे. ते तू सोडू नकोस. पण पुरुषानेच कापावं, हे मला पटत नाही. तूच बघ, नारळालाही पूजेत असाच मान आहे आणि देवापुढचा नारळ आजोबाच फोडतात. पण आमटीचा नारळ रोज कोण फोडतं? आजी कोयतीच्या एका घावात त्याची दोन भकलं करते, तेव्हा कोणी दादाला हाक मारत नाही. रोजच्या गरजेपुढे नारळाची रीत सैल झाली. कोहळा वर्षातून एकदोनदाच चिरला जातो, म्हणून त्याची राहिली.

इथे मस्कतच्या बाजारात कोहळा कापलेल्या फोडींचाच मिळतो. केरळची माणसं ओलन नावाच्या त्यांच्या पदार्थासाठी नेतात, मीही नेते. तो कोणी कापला, बाईने की पुरुषाने, हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि खाऊन कोणाचं काही वाईट झालेलं नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की तू पहिला घाव घातलास तर कोहळ्याच्या दोन फोडी होतील, दुसरं काही होणार नाही.

तरीही आजीला विचारूनच कर. ती ही रीत साठ वर्षं पाळत आलीय, तुझ्या भल्यासाठीच पाळते. "आजी, कुंकू मी लावते, नमस्कार मी करते, आणि कोयती तू नि मी दोघी मिळून धरू" असं म्हणून बघ. ती या वेळी नको म्हणाली तर दादाला बोलाव आणि पुढचं सगळं तू कर. खरं कसब पुढेच आहे.

कोहळा जून हवा. बोट फिरवलं की पांढरी भुकटी बोटाला लागते आणि खालची हिरवी साल दिसते, असा. कोवळ्या फळावर बारीक लव असते, ते भाजीला ठेवायचं. त्या भुकटीच्या मेणामुळेच कोहळा आढ्याला टांगून महिनोन्महिने टिकतो. साल जाड काढ, आतला भुसभुशीत गर आणि बिया काढून आजीला सांडग्यांसाठी दे. पेठ्याला फक्त मधला घट्ट पांढरा भाग घ्यायचा. त्याच्या दीड इंचाच्या फोडी कर आणि काट्याने सगळीकडून टोचून घे, म्हणजे पाक आतपर्यंत जाईल.

मग चुना. हा भाग नीट वाच. एक किलो फोडींना दोन लिटर पाणी आणि आजोबांच्या पानाच्या डबीतला भिजवलेला चुना एक चमचा. चुन्याचा कोरडा खडा घ्यायचा नाही, तो पाण्यात पडला की उकळतो, हात आणि डोळे भाजतात. चुना कालवायचं काम आजीचं. भांडं स्टीलचं घ्या, अल्युमिनियम चुन्याने खराब होतं. फोडी त्या पाण्यात रात्रभर राहू देत.

चुना कशाला, असं तू विचारणारच. कोहळा म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. नुसता साखरेत शिजवला तर गळून त्याचा कोहळेपाक होईल. भाज्या-फळांच्या अंगात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, जॅम घट्ट होतो तोही त्यानेच. चुन्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला जाऊन बांधतं आणि फोडीला कड येते. नंतर कितीही शिजवा, तिचा आकार मोडत नाही. पेठा चावताना आधी कुरकुरतो आणि मग रस सुटतो, त्याचं कारण हेच. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी समुद्रातले शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे.

सकाळी फोडी पाचसहा पाण्यांतून धुवायच्या. प्रत्येक वेळी थोडा वेळ स्वच्छ पाण्यात ठेवून मग ते पाणी ओतायचं. पाणी अगदी नितळ राहीपर्यंत धुवायच्या, इथे घाई चालत नाही, चुना राहिला तर जीभ पोळते. नंतर साध्या पाण्यात उकळ. आधी दुधी दिसणाऱ्या फोडी हळूहळू काचेसारख्या आरपार व्हायला लागतात. त्या वेळी गॅस बंद करून चाळणीत उपसून ठेव.

किलोला पाऊण किलो साखर. फोडींचे आणि साखरेचे थर लावून झाकून ठेव, पाण्याचा थेंबही घालू नकोस. तासा-दोन तासांत साखर फोडीतलं पाणी ओढून घेते आणि आपोआप पाक सुटतो. हे मधूनमधून झाकण उघडून बघ, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. मग मंद आंचेवर पाक एकतारी होईपर्यंत शिजव आणि रात्रभर तसंच मुरत ठेव. दुसऱ्या दिवशी पुन्हा आटव. अंगठा आणि तर्जनीत पाकाचा थेंब धरून बोटं लांब केलीस की दोन तारा ओढल्या गेल्या पाहिजेत. पाक गरम असतो, आधी थेंब बशीत काढून निवू दे. ओलाच आवडत असेल तर इथे थांबलं तरी चालतं, आग्र्याच्या अंगुरी पेठ्यासारखा होतो. सुका हवा असेल तर पाक फोडींना चिकटून पांढरा पडायला लागेपर्यंत हलक्या हाताने परतत राहा, मग चाळणीवर एकेक सुटी मांड.

शेवटी दोन थेंब केवड्याचा अर्क. आग्र्यात तोच घालतात, आणि केवड्याची बनं तर आपल्या किनाऱ्यावर आहेतच. आजीला वेलची हवी असेल तर वेलची घाला, दोन्ही एकदम नको.

दिवाळी उलटून हवा कोरडी झाली की करा. पावसाळ्यात केला तर आपल्या दमट हवेत पेठ्याला पाणी सुटतं आणि डबा चिकट होतो. चाळणीवर एक दिवस पूर्ण सुकल्याशिवाय भरू नकोस. पहिल्या वाटणीतला शेजारच्या दादाकडे दे, घाव त्याने घातलेला असो वा तू.

शुक्रवारी मला सुट्टी असते. दुसऱ्या दिवशीचा पाक त्या सकाळी येईल असा बेत कर आणि तार ओढताना व्हिडिओवर मला दाखव. एक की दोन, ते मी इथून सांगते.

तुझी,
आई