घड्याळ खिशातच ठेव

सिंहगड चढायला लागलास, बरं केलंस. पण पहिल्याच रविवारी ५० मिनिटांत गडावरचा पुणे दरवाजा गाठणाऱ्यांच्या मागे लागू नकोस. गड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर आहे आणि पायथ्याच्या आतकरवाडीतून येणारी वाट बऱ्यापैकी छातीवर येते. दम काय, मलाही लागतो. बोलता येईल इतक्याच वेगाने चाल. वाक्य तुटायला लागलं की पावलं आखूड कर, पण दर वळणावर बसू नकोस.

खरी परीक्षा उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतो. तो जातो. गुडघ्यात आतून टोचलं तर मात्र डॉक्टरला दाखव. आणि आदल्या रात्री पायाची नखं काप. बुटात पुढे आपटून अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. माझं दोनदा झालंय.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावरून घसरलो, घोटा मुरगळला. शहाणपणा करून तसाच चालत राहिलो आणि दोन महिने घरी बसलो. परत आलो तेव्हा अर्ध्या वाटेतून उतरायचो. रोजचे एक काका विचारायचे, "काय, आज इथूनच?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सहाव्या आठवड्यात वर पोचलो तर नेमके काका आले नव्हते!

वर मडक्यातलं दही खा. पिठलं-भाकरी मात्र दोघांत एक घे, अजून उतरायचंय.